सिमोना हालेपच्या प्रकरणात नेमकं झालं काय? चार वर्षांची बंदी नऊ महिन्यांवर कशी आली

परवा भाचीशी टेनिसवर गप्पा चालल्या होत्या, मी सिमोना हालेपचं नाव काढलं आणि ती लगेच म्हणाली, "मामा, ती डोपिंगवाली ना, चार वर्षं बॅन झालेली?" तिचा काही दोष नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये चार वर्षांच्या बंदीची बातमी सगळीकडं होती, मोबाइल उघडला की तीच. मार्च २०२४ मध्ये तीच बंदी नऊ महिन्यांवर आली, त्यातला जड आरोप तर पूर्णच पडला, ते मात्र फार जणांपर्यंत पोचलंच नाही. मला ह्याचं खरंच वाईट वाटतं, कारण ह्या बाईचं टेनिस मी दहा वर्षं बघितलंय. म्हटलं एकदा नीट बसून लिहावं, ती कोण होती, कशी खेळायची आणि त्या प्रकरणात काय काय झालं. खेळ आधी सांगतो, प्रकरण नंतर, कारण तिच्यावर जो संशय आला तो बरोबर तिच्या खेळाच्या मुळाशी जाऊन बसला होता, पायांशी आणि दमाशी, आणि तो खेळ माहीत नसेल तर तो संशय तिला किती लागला असेल ते कळत नाही.

हालेपचा जन्म २७ सप्टेंबर १९९१ चा, रोमानियातल्या कॉन्स्टान्ताचा. काळ्या समुद्रावरचं बंदर आहे हे. तिथला हुकूमशहा चाउसेस्कू, त्याची राजवट पडून जेमतेम दोन वर्षं झाली होती तेव्हा. वडील स्टेरे तरुणपणी खालच्या डिव्हिजनमध्ये फुटबॉल खेळलेले, पुढं त्यांनी दुधाच्या पदार्थांचा धंदा उभा केला. मोठा भाऊ निकोलाए टेनिस शिकायला जायचा, ही चार वर्षांची असताना त्याच्या मागं मागं जायला लागली, भावाचं टेनिस सुटलं आणि हिचं राहिलं. सोळाव्या वर्षी घर सोडून बुखारेस्टला गेली, आणि २००८ मध्ये फ्रेंच ओपनची मुलींची स्पर्धा जिंकली, फायनलला समोर एलेना बोगदान, तीही रोमानियाचीच.

रोमानिया टेनिसमध्ये नवखा देश नाही बरं का. जुन्या लोकांना इली नस्तासे आठवत असेल, १९७३ मध्ये पुरुषांची कॉम्प्युटरवरची रँकिंग सुरू झाली तेव्हा पहिला नंबर त्याचा होता. बायकांमध्ये व्हर्जिनिया रुझिचीनं १९७८ ला फ्रेंच ओपन जिंकलेली. हीच रुझिची पुढं हालेपची मॅनेजर झाली, म्हणजे जो कप आपल्याला हवाय तो जिंकलेली बाई रोजच्या कामातच सोबत.

आता तिचा खेळ. उंची १६८ सेंटिमीटर, आपल्या हिशोबात साडेपाच फूट. आपल्याकडं बाईमाणसाला ही चांगली उंची, पण टेनिसच्या वरच्या फळीत कमीच, मारिया शारापोव्हा १८८ सेंटिमीटर होती. उंचीचा आणि टेनिसचा संबंध येतो सर्व्हमध्ये. उंच खेळाडूची सर्व्ह वरून येते, त्यामुळं नेट ओलांडून समोरच्या चौकोनात पडायला बॉलला जास्त वाव मिळतो, जोरात मारला तरी आत पडतो. कमी उंचीच्या खेळाडूनं तेवढाच जोर लावला तर बॉल नेटमध्ये नाहीतर रेषेबाहेर. मग होतं काय, उंच खेळाडूला दर गेमला एखाददुसरा पॉइंट फुकटात सुटतो, सर्व्ह मारली, समोरच्या खेळाडूची रॅकेट पोचलीच नाही, संपलं. हालेपला असं फुकट जवळजवळ काही नव्हतं. तिला पॉइंट मिळवायचा म्हणजे पळायचं, बॉल परत टाकायचा, पुन्हा पळायचं, पुन्हा टाकायचा, आणि समोरची एक पाऊल इकडंतिकडं झाली की तिथं मारायचं.

नुसती पळणारी असती तर वर्षानुवर्षं वर टिकली नसती. तिची खरी कला टायमिंगची होती. बॉल टप्पा पडून वर चढत असतानाच ती घ्यायची, मागं सरकायची नाही, आणि समोरच्या खेळाडूनं जो वेग दिलाय तोच वापरून बॉल भलत्या दिशेला वळवायची. सचिनचा स्ट्रेट ड्राइव्ह आठवा, बॅट फिरवल्यासारखी वाटायचीच नाही, बॉलचाच वेग बॉलला परत दिला की झालं. हालेपचा बॅकहँड तसा होता. तिरक्या कोनात चार-पाच फटके चाललेत, चाललेत, समोरची त्याच कोपऱ्यात अडकलीय, आणि अचानक एक फटका सरळ रेषेला धरून. लाल मातीवर हे फार शोभायचं कारण मातीवर टप्पा पडला की बॉल मंदावतो, उंच उसळतो, जोरदार सर्व्हवालीचा फायदा कमी होतो आणि पायवालीला एक जादा पाऊल मिळतं.

रँकिंगचं थोडं सांगतो, नंतर लागणार आहे. टेनिसमध्ये गेल्या ५२ आठवड्यांतले पॉइंट मोजतात. ग्रँड स्लॅम, म्हणजे ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि यूएस ह्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांतली एक, जिंकली की २००० पॉइंट, त्याखाली १०००, ५००, २५० अशा स्पर्धा, त्याखाली १२५ वाल्या, आपल्या मुंबईतल्या सीसीआयच्या, म्हणजे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या, कोर्टवर मुंबई ओपन होते ती ह्या १२५ वाल्यांतली. पॉइंट मिळवले आणि वर्ष झालं की ते गळून पडतात, परत तेवढे मिळवले नाहीत तर खाली. पुंजी म्हणून साठवून ठेवता येत नाही, दर वर्षी पहिल्यापासून कमाई. शिवाय कोच, फिजिओ, विमानाची तिकिटं, बहुतेक खर्च खेळाडूच्या खिशातून.

२०१३ च्या मे महिन्यापर्यंत हालेप साठीच्या घरात होती, चांगली खेळाडू, एवढंच. मग रोमला क्वालिफायिंगमधून, म्हणजे मुख्य स्पर्धेआधीच्या पात्रता फेऱ्या जिंकून, येऊन सेमीफायनल गाठली आणि काहीतरी सुटलं एकदाचं. त्या एकाच वर्षात सहा स्पर्धा जिंकली, न्युर्नबर्ग आणि बुडापेस्ट मातीवर, नेदरलँड्समध्ये एक गवतावर, न्यू हेवन हार्ड कोर्टवर, मॉस्को आणि सोफिया बंद स्टेडियममध्ये. म्हणजे कुठलंही मैदान सोडलं नाही. वर्ष संपताना नंबर ११. जानेवारी २०१४ मध्ये पहिल्या दहात शिरली ती ऑगस्ट २०२१ पर्यंत बाहेर पडली नाही, सलग ३७३ आठवडे. दर वर्षी पॉइंट गळून पडतात हे लक्षात घेऊन हा आकडा परत वाचा.

पण ग्रँड स्लॅम मिळत नव्हती. २०१४ ला फ्रेंच ओपनची फायनल शारापोव्हाकडून तीन सेटमध्ये हरली, ते ठीक होतं, पहिलीच फायनल. २०१७ ची मात्र लागली. पुन्हा पॅरिस, समोर लाटवियाची येलेना ओस्तापेन्को, बिनमानांकित, दोनच दिवसांपूर्वी वीस वर्षांची झालेली. हालेप ६-४, ३-० वर होती. जिंकली असती तर कपही मिळाला असता आणि त्याच दिवशी जगात पहिला नंबरही. ओस्तापेन्कोनं डोळे मिटून मारल्यासारखे फटके मारायला सुरुवात केली आणि ते सगळे आत पडायला लागले, हालेप हळूहळू मागं मागं सरकली, आणि ४-६, ६-४, ६-३ असं ते सगळं निसटलं. मी ती मॅच पूर्ण बघितली होती, तिसऱ्या सेटमध्ये तिचे खांदे पडलेले दिसत होते.

खांदे पडणं हाच तिचा जुना आजार. त्याच वर्षी मार्चमध्ये मायामीला जोहाना कोन्टाविरुद्धच्या मॅचमध्ये ती इतकी निराश वागली की तिचा कोच डॅरेन केहिल, ऑस्ट्रेलियाचा, मोठा नावाजलेला माणूस, काम सोडून गेला. भांडण नाही, अपमान नाही, अशी वागणार असशील तर मी थांबणार नाही एवढंच. तिनं ते मनाला लावून घेतलं, स्वतःवर काम केलं, आणि काही आठवड्यांनी तो परत आला. मला ह्या दोघांचं हे फार आवडतं, कोच खरं बोलला आणि खेळाडूनं ते ऐकलं.

ऑक्टोबर २०१७ मध्ये बीजिंगला सेमीफायनल जिंकून ती नंबर एक झाली, आणि ती सेमीफायनल होती ओस्तापेन्कोविरुद्ध. रोमानियाची पहिली बाई. पुढं सगळे मिळून ६४ आठवडे ती त्या जागेवर राहिली.

नंबर एक असून जानेवारी २०१८ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला तिच्याकडं कपड्यांचा स्पॉन्सर नव्हता. जुना करार संपलेला, नवा झालेला नव्हता, म्हणून तिनं ऑनलाइन ऑर्डर देऊन चीनमधून शिवून घेतलेला साधा लाल ड्रेस घातला, त्यावर कुठल्याच कंपनीची खूण नाही. पहिल्याच मॅचमध्ये घोटा मुरगळला. तिसऱ्या फेरीत लॉरेन डेव्हिसविरुद्ध तिसरा सेट १५-१३, एकूण ३ तास ४४ मिनिटं, तीन मॅच पॉइंट वाचवून जिंकली. सेमीफायनलला अँजेलिक केर्बरविरुद्ध ९-७. फायनलला कॅरोलिन वोझनियाकीकडून तीन सेटमध्ये हरली आणि त्या रात्री शरीरातलं पाणी कमी झालं म्हणून हॉस्पिटलमध्ये सलाइन. मुरगळलेल्या घोट्यावर हे सगळं. तिच्या दमाबद्दल कुणी विचारलं की मी हीच स्पर्धा सांगतो.

मग ९ जून २०१८, परत पॅरिस, चौथी फायनल, समोर अमेरिकेची स्लोन स्टीफन्स. पहिला सेट ३-६ गेला, दुसऱ्यात ०-२. मी टीव्हीसमोर बसून म्हणत होतो की आता नको बघायला. पण ह्या वेळी खांदे पडले नाहीत. २०१७ ला ती पुढं असून मागं आली होती, आज मागं असल्यानं गमावायला काही उरलं नाही म्हणून की काय, ती मोकळी झाली, दुसरा सेट ६-४ आणि तिसरा ६-१. रुझिचीनंतर बरोबर चाळीस वर्षांनी रोमानियाकडं तो कप आला. तो कप घेऊन ती बुखारेस्टच्या नॅशनल अरेनामध्ये गेली तेव्हा एका टेनिसच्या कपासाठी फुटबॉलच्या स्टेडियममध्ये हजारो लोक आले होते.

आणि २०१९ चं विम्बल्डन. हे मात्र जरा सावकाश सांगणार. १३ जुलै, शनिवार. वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला आपण न्यूझीलंडकडून हरून तीन दिवस झाले होते, धोनीचा रनआउट डोळ्यासमोरून जात नव्हता, घरात कुणाला खेळ बघायचाच नव्हता. मी एकटा संध्याकाळी साडेसहाला बसलो. समोर सेरेना विल्यम्स, २४ वी ग्रँड स्लॅम मिळवायला आलेली. सगळ्यांनी गृहीत धरलेलं की गवतावर, सेरेनाच्या सर्व्हपुढं हालेपचं काय चालणार. अकरा मिनिटांत स्कोअर ४-० हालेप. सेरेना कोपऱ्यात मारायची, तिथं हालेप. दुसऱ्या कोपऱ्यात मारायची, तिथंही हालेप. जिथं बाकीच्यांविरुद्ध पॉइंट संपतो तिथून हिचा पॉइंट सुरू व्हायचा, म्हणून सेरेनाला रेषेच्या आणखी जवळ मारावं लागायचं आणि बॉल बाहेर जायचा. ६-२, ६-२, फक्त ५६ मिनिटं. आणि ह्या सगळ्यात हालेपनं स्वतःहून केलेल्या चुका किती, तर तीन. पूर्ण मॅचमध्ये तीन. मी तोपर्यंत असं काही बघितलं नव्हतं. मॅचनंतर तिनं सांगितलं की आई लहानपणी म्हणायची, टेनिसमध्ये काही करायचं असेल तर विम्बल्डनची फायनल खेळून दाखव.

पुढची दोन-तीन वर्षं पटकन. २०२० ला कोरोनामुळं विम्बल्डन झालंच नाही, तिनं रोम जिंकलं. २०२१ ला पोटरीचा स्नायू फाटला, फ्रेंच ओपन, विम्बल्डन, ऑलिंपिक तिन्ही गेलं. २०२२ ला पॅट्रिक मुराटोग्लू हा नवा कोच घेतला, तोच ज्यानं सेरेनाला कोचिंग केलं होतं. विम्बल्डनची सेमीफायनल, ऑगस्टमध्ये टोरंटो जिंकून चोविसावा किताब, परत पहिल्या दहात. सगळं रुळावर येतंय असं वाटत होतं.

२९ ऑगस्ट २०२२, यूएस ओपनची पहिली फेरी. युक्रेनची डारिया स्निगुर, क्वालिफायिंगमधून आलेली, तिच्याकडून हालेप हरली. त्या दिवशी तिच्या लघवीचा नमुना घेतला. नमुना दोन बाटल्यांत भरतात, ए आणि बी, दोन्ही सीलबंद. ए मध्ये काही सापडलं तर खेळाडू बी तपासायला सांगू शकतो. तिच्या दोन्हींत रॉक्साडुस्टॅट सापडलं. ७ ऑक्टोबरला हे जाहीर झालं आणि त्याच दिवसापासून तिचं खेळणं थांबलं.

हे रॉक्साडुस्टॅट म्हणजे किडनीच्या पेशंटचं औषध. किडनी फक्त रक्त गाळून लघवी करत नाही, ती एरिथ्रोपोएटिन नावाचं हार्मोनही बनवते, ज्यानं हाडांच्या मज्जेत तांबड्या पेशी तयार होतात. किडनी बिघडली की हे हार्मोन कमी पडतं आणि माणूस पांढराफटक पडतो, ॲनिमिया होतो. ही गोळी शरीराला असं भासवते की ऑक्सिजन कमी पडतोय, अगदी उंच डोंगरावर गेल्यासारखं, मग शरीर आपणहून ते हार्मोन वाढवतं आणि तांबड्या पेशी वाढतात. ह्याच जातीचं डेसिडुस्टॅट नावाचं औषध तर भारतातच तयार झालंय. पेशंटला वरदान. पण धडधाकट खेळाडूनं घेतलं तर रक्त जास्त ऑक्सिजन वाहून नेतं, दम वाढतो, म्हणून ते बंदीच्या यादीत आहे. आणि दम हीच जिची ओळख तिच्याच नमुन्यात हे सापडावं. २०१८ चे ते ३ तास ४४ मिनिटं २०२२ च्या नमुन्याबद्दल काही सिद्ध करत नाहीत हे मला कळतं, पण लोक तिच्या सगळ्या जुन्या मॅचकडं त्याच नजरेनं बघायला लागले, हे माझ्या डोळ्यासमोर घडलं.

आता नियम. डोपिंगमध्ये पहिली गोष्ट लक्षात ठेवायची, शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची. तुम्हाला माहीत होतं का, कुणी दिलं, हे सगळं नंतर. डेअरीवर दूध घालायला गेलात आणि तुमच्या कॅनमध्ये पाणी निघालं तर ते तुम्ही घातलं की गड्यानं घातलं की वाटेत पावसाचं गेलं, हे डेअरीवाला विचारत नाही, कॅन तुमचा ना, मग दूध परत. कडक वाटतं, पण असं नसतं तर सापडलेला प्रत्येक जण मला माहीत नव्हतं म्हणून सुटला असता, त्यामुळं मला हा नियम पटतो. पण ह्याच नियमामुळं उलटं होतं काय, की पुढचं सगळं खेळाडूला सिद्ध करावं लागतं. रॉक्साडुस्टॅटसारख्या पदार्थाला शिक्षा चार वर्षांपासूनच सुरू होते, ती कमी करायची तर पदार्थ शरीरात कुठून आला आणि मी मुद्दाम घेतला नाही, हे खेळाडूनं दाखवायचं.

हालेपचं म्हणणं असं की कोचच्या टीमनं सुचवलेलं कोलॅजनचं सप्लिमेंट ती घेत होती, त्यात भेसळ होती. सप्लिमेंटच्या लेबलवर रॉक्साडुस्टॅट लिहिलेलं नव्हतं. असं होऊ शकतं का, तर होतं, एकाच कारखान्यात, एकाच मशीनवर वेगवेगळा माल निघतो आणि एकाचा अंश दुसऱ्यात जातो. खेळाडूच्या शरीरात असा अंश गेला तरी आजच्या लॅबला सापडतो, इतक्या त्या बारीक झाल्यात. मुराटोग्लूनंही नंतर जाहीरपणे सांगितलं की ते सप्लिमेंट आमच्याकडूनच तिला मिळालं, त्यामुळं मी स्वतःला जबाबदार मानतो.

इथपर्यंत एक आरोप होता. मे २०२३ मध्ये दुसरा आला, आणि तो जास्त जड. टेनिसमध्ये डोपिंग बघणारी संस्था म्हणजे इंटरनॅशनल टेनिस इंटेग्रिटी एजन्सी, तिनं म्हटलं की हालेपच्या बायोलॉजिकल पासपोर्टमध्येही गडबड दिसते. हा पासपोर्ट म्हणजे कागद नाही, वर्षानुवर्षं घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यांची नोंद आहे. आपण फॅमिली डॉक्टरकडं जुन्या रिपोर्टची फाइल घेऊन जातो ना, तो एकच रिपोर्ट बघत नाही, मागचे सगळे बघून म्हणतो की तुमचं हिमोग्लोबिन नेहमी इतकं असतं, ह्या वेळी वेगळं का. तसंच. पदार्थ सापडला नाही तरी रक्ताची चाल विचित्र दिसली तर आरोप होऊ शकतो. हालेपचे ५१ नमुने तज्ज्ञांपुढं होते आणि सगळा भर मुख्यतः एका नमुन्यावर होता, २२ सप्टेंबर २०२२ चा.

पहिला निकाल सप्टेंबर २०२३ मध्ये लागला. त्या न्यायाधिकरणानं एक विचित्र वाटेल अशी गोष्ट म्हटली, सप्लिमेंटमध्ये भेसळ होती हे मान्य, पण त्या भेसळीतून नमुन्यात सापडलं तेवढं प्रमाण येऊच शकत नाही. म्हणजे हिशोब जुळत नाही, आणखी कुठून तरी आलं असणार. पासपोर्टचा आरोपही मान्य. दोन्ही मिळून चार वर्षं, ६ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. तेव्हा ती ३५ वर्षांची झाली असती, म्हणजे करिअर संपल्यातच जमा. भाचीनं वाचलेली बातमी ही.

मग अपील. स्वित्झर्लंडमध्ये लोझानला खेळांचं वरचं न्यायालय आहे, कोर्ट ऑफ आर्बिट्रेशन फॉर स्पोर्ट. तिथं नुसतं खालच्या निकालातली चूक शोधत नाहीत, सगळा पुरावा नव्यानं ऐकतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये तीन दिवस सुनावणी झाली आणि ५ मार्चला निकाल.

इथं दोन वेगळे तराजू आहेत आणि हाच भाग बहुतेकांना समजत नाही, म्हणून जरा थांबतो. खेळाडूला जे सिद्ध करायचं असतं त्याला हलका तराजू, असं झालं असण्याची शक्यता न झाल्यापेक्षा जास्त आहे, पारडं थोडं जरी तिच्या बाजूला झुकलं तरी पुरे. एजन्सीला जे सिद्ध करायचं असतं त्याला जड तराजू, न्यायाधीशांच्या मनाचं बऱ्यापैकी समाधान व्हायला हवं, खुनाच्या खटल्याइतकं नाही पण नुसत्या झुकण्यापेक्षा बरंच जास्त. पहिल्या आरोपात बोजा हालेपवर होता आणि हलक्या तराजूवर तिचं म्हणणं उतरलं, भेसळीच्या सप्लिमेंटमधूनच ते आलं असं न्यायालयानं मानलं. दुसऱ्या आरोपात, पासपोर्टच्या, बोजा एजन्सीवर होता आणि जड तराजूवर त्यांचं म्हणणं उतरलं नाही. तो आरोप पडला.

तरी न्यायालयानं तिला साफ निर्दोष सोडलं नाही, हेही सांगायला पाहिजे. सप्लिमेंट वापरताना पुरेशी काळजी घेतली नाही, थोडी चूक तिचीही, म्हणून नऊ महिने. मला हे बरोबर वाटतं. इतक्या वरच्या खेळाडूनं नवा डबा उघडण्याआधी तो तपासून घ्यायलाच हवा. आपल्याकडंही राज्य पातळीवर खेळणारी पोरं जिममध्ये कुणीतरी दिलेला प्रोटीनचा डबा बिनधास्त उघडतात, त्यांना नाडाचे, म्हणजे आपल्या देशातल्या डोपिंगविरोधी संस्थेचे, हेच नियम लागू होतात हे त्यांच्या आईबापांनाही माहीत नसतं.

पण तारखा बघा. नऊ महिने ७ ऑक्टोबर २०२२ पासून मोजायचे म्हणजे शिक्षा ६ जुलै २०२३ ला संपली. निकाल आला ५ मार्च २०२४ ला. जी शिक्षा भोगून व्हायला हवी होती ती संपून आठ महिने झाल्यावर कळलं की शिक्षा एवढीच होती. एकूण सतरा महिने ती बाहेर, आणि पहिला निकाल लागायलाच त्यातले अकरा गेले होते. मला राग येतो तो इथं, शिक्षेचा नाही, ह्या वेळेचा. ३१ ते ३२ हे वय पायांवर जगणाऱ्या खेळाडूसाठी फार महाग असतं. ५२ आठवड्यांचे पॉइंट सगळे गळून गेले. दुखापतीतून परत येणाऱ्यांना जुनी रँकिंग राखीव मिळते, हिला तीही नाही. रक्त, औषध, प्रमाण, ह्या सगळ्याचे तज्ज्ञ आणि वकील उभे करायचे ते स्वतःच्या पैशानं, आणि त्या काळात खेळून कमाई शून्य. तिच्याकडं आधीची कमाई होती म्हणून ती लोझानपर्यंत लढू शकली. दोनशेव्या नंबरच्या पोरीनं काय केलं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

पुढं ऑगस्ट २०२४ मध्ये पोलंडची इगा श्वियाँतेक, तेव्हाची नंबर एक, तिच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडिन हे हृदयाच्या आजारावरचं, बंदीच्या यादीतलं औषध सापडलं, झोपेसाठी घेतलेल्या मेलाटोनिनमध्ये भेसळ निघाली, आणि नोव्हेंबरपर्यंत एक महिन्याच्या बंदीवर प्रकरण मिटलं. तेव्हा हालेपनं उघडपणे विचारलं की एवढा फरक का. प्रश्न रास्तच आहे. फरकाची कारणंही आहेत, श्वियाँतेकच्या भेसळीचं मूळ लवकर सापडलं, प्रमाणावरून वाद झाला नाही, पासपोर्टचा दुसरा आरोप नव्हता. पण एकीचं प्रकरण तीन महिन्यांत आणि दुसरीचं सतरा महिन्यांत, हे नुसत्या कारणांनी माझ्या गळी उतरत नाही.

१९ मार्च २०२४ ला, निकालानंतर दोनच आठवड्यांनी, ती मायामीला वाइल्ड कार्डवर, म्हणजे रँकिंग नसतानाही आयोजकांनी दिलेल्या प्रवेशावर, उतरली. पाउला बादोसाविरुद्ध पहिला सेट ६-१ घेतला, त्या अर्ध्या तासात जुनी हालेप दिसली, मग दम आणि पाय दोन्ही कमी पडले, पुढचे दोन सेट गेले. डोपिंगच्या बंदीनंतर वाइल्ड कार्ड देऊ नये असंही तिथं बोललं गेलं, आणि बोलणारी वोझनियाकी होती, २०१८ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या फायनलची तीच. मग गुडघा, खांदा, अधूनमधून एखादी मॅच.

४ फेब्रुवारी २०२५, क्लुज-नापोका, रोमानियातलीच ट्रान्सिल्व्हेनिया ओपन. इटलीची लुचिया ब्रोन्झेत्ती ६-१, ६-१ नं जिंकली. मॅच संपल्यावर हालेपनं माइक घेतला आणि कोर्टवरच उभं राहून आपल्या माणसांना सांगितलं की आता थांबते. वय ३३. त्या दिवशी तिची रँकिंग होती ८७०.

भाचीला हे सगळं सांगायला मला दोन संध्याकाळी लागल्या. शेवटी ती म्हणाली, ती सेरेनावाली मॅच लाव ना. छप्पन मिनिटांचीच आहे, जेवायच्या आधी बघून झाली.